खोलीकरण करा, पण तलावाचा उथळ काठ राखा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्या तालुक्यातल्या तलावांची बातमी आली होती. येत्या उन्हाळ्यात आणखी काही मामा तलावांचं खोलीकरण होणार, गाळ शेतकऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात जाणार, पाणीसाठा वाढणार, असं त्यात होतं. चौकात बातमी मोठ्याने वाचली गेली, लोक खूश झाले. मला त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या गावच्या तलावाचं खोलीकरण २०२१ च्या उन्हाळ्यात झालं आहे. त्यानंतर काय काय झालं ते पेपरात कुठेच आलं नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लांब झालं आहे, पण जमलं तर पूर्ण छापावं.

मी मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची आहे. भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यातल्या एका गावात, तलावाच्या पाराखालीच, म्हणजे मातीच्या बांधाखालीच, आमचं घर आहे. माझे मालक मासेमारी संस्थेचे सभासद आहेत, डोंगा आणि जाळं त्यांच्याकडे. मी तेवीस वर्षांपासून तीन आठवडी बाजारांत मासळी विकते. शिक्षण दहावीपर्यंत झालं. मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिची पुस्तकं मी वाचते. यातल्या काही गोष्टी तिच्याकडून कळल्या, बाकीच्या पाण्यात उभं राहून.

ज्यांनी आमच्याकडचे तलाव पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी हे तलाव बांधले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर धान पिकवलं. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. अशा तलावाच्या एका बाजूला मातीचा उंच पार असतो. तिथे पाणी खोल असतं. समोरच्या बाजूला मात्र जमीन हळूहळू चढत जाते, पाणी कमरेचं होतं, मग गुडघ्याचं, मग घोट्याचं, आणि शेवटी ते कुठे संपलं नि बांधी कुठे सुरू झाली हेही पावसाळ्यात कळत नाही. हा जो उथळ काठ आहे, त्याच्याबद्दल मला बोलायचं आहे.

आमच्या तलावाला असा काठ जवळजवळ दोन फर्लांग होता. अगदी कडेला लव्हाळा आणि देवधान. देवधान हे रानातलं धान आहे, दाणा पिकला की आपोआप पाण्यात गळतो. त्याच्या आत कमळ आणि शिंगाडा. त्याच्याही आत पाण्याखालचं लांब हिरवं गवत, चालताना पायाला गुंडाळायचं. बाहेरून आलेल्या माणसाला तो नुसता कचरा दिसायचा. आमच्या घरची माणसं त्याला तलावाचं स्वयंपाकघर म्हणायची.

लग्न होऊन आले त्या पहिल्याच पावसाळ्यात सासऱ्यांनी मला तिथे नेलं होतं. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. ते म्हणाले, हालू नको, पाय गाडून उभी राह्य. मी गुडघाभर पाण्यात उभी होते. थोड्या वेळाने गवताच्या फटीत पाणी लाल झाल्यासारखं दिसलं. कुंकू सांडल्यासारखा ताटाएवढा डाग, आणि तो डाग सरकत होता. नीट पाहिलं तर मरळीची पिल्लं होती, तांदळाच्या दाण्याएवढी, नारिंगी-लाल, शेकड्यांनी. सगळी एकदम वर यायची, पाण्याला बारीक सुया टोचल्यासारखं दिसायचं, आणि सगळी एकदम खाली जायची. त्यांच्या खाली काळी सावली होती, ती आई किंवा बाप. मरळ पिल्लांना सोडून जात नाही, दोघंही राखण करतात. मामाजींनी काठी पाण्यात घातली तशी ती सावली काठीवर धावून आली. “लाल झुंड दिसली का तिथं जाळं टाकाचं नाही,” एवढंच ते म्हणाले. तो कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण आमच्या मोहल्ल्यात कुणी मोडलेला मी पाहिला नाही.

२०२१ च्या मे महिन्यात पोकलेन आली, टिप्पर आले. एका योजनेखाली काम मंजूर झालं होतं. काम कुणाचं, ठेका कुणाचा, हे मला इथे लिहायचं नाही, कारण त्यांनी कागदावर होतं तेच केलं. कागदावर घनमीटर होते. जिथून माती काढायला सोपी आणि टिप्पर जायला रस्ता, तिथून काढली, म्हणजे उथळ काठावरून. मधल्या खड्ड्यात ओल होती, यंत्र फसलं असतं. तीन आठवड्यांत दोन फर्लांगांचा उतार कापून विहिरीच्या काठासारखा सरळ झाला. काळा चिखल गेला, कमळाचे कांदे गेले, देवधानाच्या मुळ्या गेल्या, खाली पिवळा मुरूम उघडा पडला. मामाजी तेव्हा होते. पारावर बसून बघत होते. म्हणाले, “पानी मोठा होईल बाई, पन तरा उपाशी राहील.” आमच्याकडे तलावाला तरा म्हणतात. मला वाटलं म्हातारं माणूस आहे, जुन्याचं वाईट वाटतं आहे.

पहिल्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. पाणी दिवाळीनंतरही टिकलं. शेतकऱ्यांना शेवटचं पाणी मिळालं हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. ज्यांनी गाळ नेला त्यांच्या बांधीला धान जोमदार आलं हेही खरं. मासळी मात्र पुढच्या वर्षीपासून उतरली. आधी झिंगे गेले. मग बारीक मासळी, जी गरिबाच्या घरी वीस-तीस रुपयांत कालवणाला जायची, ती माझ्या टोपल्यातून गेली. मांगूर तर महिना-महिना दिसत नव्हता. मरळ कधी तरी एखादी, तीही जुनी, मोठी. लाल झुंड दोन पावसाळे मला दिसली नाही. काठच नव्हता, उभी कुठे राहणार होते.

संस्थेने सल्ला विचारला. सल्ला मिळाला की बीज जास्त टाका. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं, म्हणून त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, दर वर्षी विकत आणून सोडावी लागतात. आम्ही वीस हजार सोडायचो, त्या वर्षी उसनवारी करून चाळीस हजार सोडली. वर्षाने जाळं ओढलं तर मासे भरपूर निघाले, पण डोकं मोठं आणि अंग बारीक. आधी किलोचा होणारा रोहू चारशे ग्रॅमवर अडकला होता. बाजारात गिऱ्हाईक हातात धरून परत ठेवायचं. पंगतीत पानं दुप्पट मांडली आणि भात तेवढाच रांधला तर जे होईल तेच झालं. पुढे आणखी एक सल्ला आला, गवत्या मासा सोडा म्हणून, तो उरलंसुरलं पाणगवत साफ करेल. सोडला. त्याने खरंच साफ केलं. बोडीकडच्या, म्हणजे लहान तळ्याकडच्या, कोपऱ्यात जे चार वाफे हिरवे वाचले होते तेही गेले, पाणी वर्षभर गढूळ राहू लागलं.

त्याच दिवाळीत मुलगी घरी आली होती. तिच्या वहीत एका तळ्याची गोष्ट होती. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सीडर बॉग नावाचं एक लहानसं तळं आहे, कमरेएवढं पाणी, चिखलाने भरत आलेलं, आपल्याकडच्या एखाद्या जुन्या बोडीसारखं. रेमंड लिंडमन नावाचा तरुण पाच वर्षं त्या तळ्यावर जात होता. बायको सोबत असायची, दोघं मिळून नमुने घ्यायचे. शेवाळ किती, पाणगवत किती, बारीक किडे किती, अळ्या किती, मासे किती, सगळं त्याने मोजलं आणि एकाच मापात आणलं, उष्णतेच्या, म्हणजे कॅलरीच्या. तोवर कोण कुणाला खातं याची चित्रं लोकांनी काढली होती. त्यातून किती जातं आणि किती वाटेत संपतं हे एका अख्ख्या तळ्याचं मोजून मांडणारा तो. त्याचा लेख तपासणाऱ्या मोठ्या माणसांनी आधी नको म्हटलं होतं. येल विद्यापीठातल्या हचिन्सन नावाच्या प्राध्यापकांनी बाजू लावून धरली. लेख १९४२ च्या ऑक्टोबरात छापून आला, तेव्हा लिंडमनला जाऊन काही महिने झाले होते. आजाराने गेला, वय २६. मुलगी हे वाचून दाखवत होती तेव्हा घरात सगळे गप्प झाले होते.

त्याचे आकडे असे. वर्षभरात तळ्यावर जेवढं ऊन पडलं, त्यातला हजारातला एकच भाग हिरव्या वनस्पतींनी आणि शेवाळाने धरला. त्यांनी धरलं त्यातलं शंभरात सुमारे १३ वनस्पती खाणाऱ्या जिवांकडे गेलं. त्यांच्याकडचं शंभरात सुमारे २२ पुढे त्यांना खाणाऱ्यांकडे. नंतर इतरांनी इतर ठिकाणी मोजलं, कुठे ५ निघालं, कुठे २०, म्हणून शाळेत सरासरी १० टक्के शिकवतात. मधलं कुठे जातं? जीव जगण्यात जातं. पोहणं, श्वास घेणं, अंडी घालणं, शत्रूपासून पळणं, या सगळ्यात ते उष्णता होऊन निघून जातं आणि परत येत नाही. शिवाय खूपसं कुणी खातच नाही, ते मरून तळाला जातं.

हे ऐकलं आणि मला माझा तराजू आठवला. मोटामोटी धरा की एक किलो मरळ वाढायला दहा किलो बारीक मासे, झिंगे, बेडकं लागतात. ते दहा किलो वाढायला शंभर किलो अळ्या, किडे, पाण्यातले डोळ्याला न दिसणारे जीव. आणि त्या शंभर किलोसाठी हजार किलो हिरवं. बाजारात बायका विचारतात, मरळ साडेचारशे आणि रोहू एकशे ऐंशी, असं कसं? मी इतकी वर्षं सांगत आले की काटा कमी, चव चांगली, बाळंतिणीला देतात. ते आहेच. पण रोहू उन्हाच्या जवळ खातो, शेवाळ आणि पाण्यातली हिरवी पानं, म्हणून तेवढ्याच पाण्यात तो जास्त होतो. मरळ तीन-चार हातांतून आलेलं खाते, आणि प्रत्येक हात आपला वाटा काढून घेतो. कटला वरच्या पाण्यातले बारीक जीव खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचा सडका पाला आणि चिखलातलं. तिघं एकाच तलावात एकमेकांच्या पानात हात न घालता जेवतात. सरकार हीच तीन बीजं देतं त्यात शहाणपण आहे. पण तिघांचं जेवण ऊनच रांधतं, आणि ऊन जिथे तळापर्यंत पोचतं तिथेच ते नीट शिजतं.

आमच्या काठाचं महत्त्व इथे आहे. पाणी गढूळ असलं की ऊन दोन-चार हातांच्या खाली जात नाही. गुडघाभर पाण्यात ते तळाला लागतं, तिथे मुळं धरतात, पानं फुटतात, पानांवर शेवाळ चढतं, शेवाळावर गोगलगाई आणि किडे येतात, किड्यांवर पिल्लं. पंधरा हात खोल पाण्याच्या तळाशी अंधार असतो. तिथे एखादं पान वरून पडलं तरच जेवण. तुम्ही काठ कापून तेवढंच पाणी खोलात नेलं तर घनमीटर वाढतात, पण उन्हाने भिजणारा तळ नाहीसा होतो. मामाजींचं बोलणं मला त्या दिवाळीत कळलं. तोवर ते गेले होते.

त्या वहीत एक चित्रही होतं, लिंडमननेच काढलेलं, तळ्यात कोण कुणाला खातं त्याचं. वर ऊन, बाजूला वनस्पती, किडे, मासे, आणि सगळे बाण जिथे येऊन मिळतात त्या मधोमध मासा नाही, चिखल आहे. तळाचा चिखल आणि त्यातले जिवाणू. मुलीला मी ते पान तीनदा उघडायला लावलं. आपण ज्याला गाळ म्हणतो, टिप्परमध्ये भरून फुकट वाटतो, तो त्या माणसाच्या चित्राच्या मध्यभागी होता. मेलेलं पान, मेलेला मासा, बदकाची विष्ठा, सगळं तिथे येतं. जिवाणू ते खातात, जिवाणूंना बारीक जीव, त्यांना लाल अळ्या. हाताने चिखल उचलला की बोटांवर वळवळतात त्या अळ्या आमच्या मांगूराचं आणि झिंग्यांचं जेवण. चिखलातलं खत पुन्हा मुळांना जातं, फिरत राहतं. ऊन तसं फिरत नाही. ते रोज नवं यावं लागतं, आणि आलेलं त्याच दिवशी कुणीतरी धरावं लागतं. धरणारी पानंच उपटली तर ऊन पाण्यावर पडतं, पाणी तापवतं आणि जातं.

कुणी म्हणेल की हा ढिवरांचा प्रश्न आहे, शेतकऱ्याचं काय बिघडतं. रोवणीच्या दिवसांत काठावरच्या गवतातून बेडकांची हजारो पिल्लं निघून बांधीत जायची. चतुरांची लहानपणं तर पाण्याखालीच जातात, मग ते पंख फुटून धानावर घिरट्या घालतात. तलावाने धरलेलं ऊन असं पाय आणि पंख लावून शेतात जातं आणि तिथे तुडतुडे आणि खोडकिड्याचे पतंग खातं. आमच्या गावात फवारण्या गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत. त्याला दुसरीही कारणं असतील, सगळा दोष मी तलावावर टाकत नाही. पण पावसाळी रात्री बेडकांचा जो आवाज झोपू द्यायचा नाही तो कमी झाला आहे, हे गावातला कुठलाही शेतकरी सांगेल.

पक्ष्यांबद्दलही लिहायचं आहे, कारण आमच्याच लोकांत एक गैरसमज आहे. मासळी उतरली तेव्हा मोहल्ल्यातल्या पोरांनी पाणकावळ्यांवर राग काढला. ते मासे खातात म्हणून गोफणी घेऊन मागे लागले. पाणकावळा खातो हे खरं, आणि पुष्कळ खातो. पक्ष्याचं रक्त गरम, खाल्लेल्यातलं शंभरात जेमतेम एक-दोन भाग त्याच्या अंगी लागतं, बाकी अंग गरम ठेवण्यात आणि उडण्यात जातं. म्हणून ज्या तलावावर शंभर पाणकावळे बसतात त्या तलावात त्यांना पुरून उरेल एवढी मासळी असते. पूर्वी आमच्याकडे पाणकावळे जास्त होते आणि मासळीही जास्त होती. उघड्या चोचीचे करकोचे गोगलगाई वेचायचे, वारकरी बदकं पाणगवतात, कमळपक्षी पानांवर चालत. थंडीत बाहेरून बदकं यायची, देवधानाचे गळलेले दाणे खायची. ते सगळे गेले तेव्हा कुणी हाकलले नव्हते. खाली जेवण संपलं, म्हणून वरून माणसं उठावी तसे उठले. गोंदियाकडे सारस आहेत, त्यांना बघायला लोक लांबून येतात, त्यांच्यासाठी सभा होतात. सारस उथळ पाण्यात कांदे उकरतो, गळलेलं धान, बेडूक, किडे खातो. त्याला कापलेल्या सरळ काठावर उभं राहायला जागा नाही.

मी खोलीकरणाच्या विरोधात नाही. तलाव गाळाने भरतात, शंभर वर्षांचा गाळ काढायलाच हवा, आणि धानाला पाणी लागतं. माझ्या माहेरी तीन एकर धानच आहे. जुनी माणसंही गाळ काढत होती. उन्हाळ्यात पाणी आटलं की ज्याला हवा तो बैलबंडी घेऊन यायचा आणि पाराजवळच्या खोलगट भागातून भरून न्यायचा. दर वर्षी थोडा, एका जागेवरून एकदाच. उरलेल्या चिखलात कांदे आणि बिया राहायच्या, पहिल्या पाण्याला काठ पुन्हा हिरवा व्हायचा. यंत्राने एका मे महिन्यात जे होतं ते बैलबंडीने पन्नास वर्षांत झालं नसतं, आणि म्हणून यंत्राला आखून द्यावं लागतं.

अधिकारी साहेबांना माझी विनंती आहे ती आखून देण्याचीच. ज्या बाजूने जमीन चढते तो तलावाचा तिसरा हिस्सा अंदाजपत्रकात सोडून द्यावा, तिथे यंत्राचं तोंडच जाऊ नये. खोदायचं ते मध्ये आणि पाराकडे. तिथली ओली माती काढायला खर्च जास्त येतो हे मला कळतं, तो खर्च मंजूर करावा, कारण स्वस्तात कापलेला काठ आम्ही चार वर्षं भरतो आहोत. आधी मासे सहज जगत होते, आता ढेप आणि कोंडा विकत आणून टाकावा लागतो. तो कोंडा म्हणजे दुसऱ्या कुणाच्या बांधीने धरलेलं ऊनच, पैसे देऊन आणलेलं. ज्या तलावाला बेशरमच्या झुडपांनी घेरलं आहे तिथे बेशरम मुळासकट काढावी, त्याला आमचा हात आहे, पण त्याच्या नावाखाली देवधान आणि कमळ काढू नये. गवत्या मासा सोडण्याआधी संस्थेला विचारावं. आणि मोजणीला येताना पाण्याच्या मापासोबत त्या तलावावर किती घरं मासळीवर जगतात, किती जातीची मासळी निघते, हेही लिहून घ्यावं. हे विचारायला आमच्या दारात आजवर कुणी आलं नाही.

आम्ही बायकांनी आमच्यापुरतं थोडं केलं आहे. गेल्या वर्षी जानेवारीत अकरा जणी शेजारच्या गावच्या बोडीवर गेलो. ती बोडी लहान, कुणाच्या योजनेत बसली नाही म्हणून वाचली. तिथून टोपल्यांत कमळाचे कांदे, पाणगवताची मुळं आणि चिखल आणला, चिखल मुद्दाम जास्त आणला. आमच्या तलावाच्या एका कोपऱ्यात काठ थोडा खचून उतार तयार झाला होता. तिथे बांबूच्या कामट्यांचं कुंपण केलं, गवत्या मासा आत येऊ नये म्हणून त्याला जुनी जाळी बांधली आणि आत मुळं दाबली. पाय मुरुमात सोलले जात होते. तीस हात लांब आणि दहा हात रुंद, एवढंच झालं. पहिलं लावलेलं निम्मं कुजलं, फेब्रुवारीत पुन्हा लावलं. मृगाच्या पाण्यानंतर वर पानं आली.

श्रावणात एक दिवस मी तिथे भांडी घासत होते. कुंपणाच्या आत पाण्यावर बशीएवढा लाल डाग दिसला. मुलीला हाक मारली. ती धावत पाण्यात उतरणार तोच मी तिचा हात धरला, हालू नको म्हटलं. आम्ही दोघी किती तरी वेळ तशाच उभ्या होतो.

बातमीप्रमाणे यंत्रं मे महिन्यात येणार आहेत आणि यादीत शेजारच्या गावची ती बोडीही आहे, जिथून आम्ही मुळं आणली. आखणी अजून झालेली नाही असं सरपंच म्हणतात. ज्या साहेबांकडे हे काम असेल त्यांनी एकदा सकाळी आठच्या आत बोडीवर यावं, तेव्हा पाणी स्थिर असतं आणि तळ दिसतो. यंत्र कुठवर जावं आणि कुठे थांबावं ते मी काठी रोवून दाखवते. खुंट्या आणि दोरी आमच्याकडे आहे.

आपली नम्र,
मासळी विकणारी एक बाई,
ता. साकोली, जि. भंडारा
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)